मुलींचं कॉलेज सॉफ्टबॉल आणि ओक्लाहोमा सिटीची अजिंक्यपद स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मे महिना उजाडला की माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागते. काही प्रश्न महाराष्ट्रातल्या जुन्या मैत्रिणींचे असतात. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या चौकोनात आम्ही एकत्र सॉफ्टबॉल खेळलोय, आणि आता अमेरिकेतल्या सामन्यांचे तुकडे त्यांना फोनवर दिसतात. बाकीचे प्रश्न इथल्या मराठी आईवडिलांचे. मुलगी सॉफ्टबॉल खेळायला लागलेली असते आणि घरात नियम कुणालाच माहीत नसतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. नियम आणि आकडे २०२५ च्या हंगामापर्यंतचे आहेत.

१. ‘विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज’ म्हणजे नक्की काय? सगळे संघ अमेरिकेचेच, मग ‘वर्ल्ड’ कसलं?

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सर्वांत मोठी संघटना. तिच्या पहिल्या श्रेणीतल्या सॉफ्टबॉल अजिंक्यपदाचा शेवटचा टप्पा म्हणजे ही स्पर्धा. देशभरातून उरलेले आठ संघ मेच्या अखेरीला ओक्लाहोमा सिटीत येतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातला एक विजेता ठरतो. ‘वर्ल्ड सिरीज’ हे नाव बेसबॉलकडून आलंय, त्याचा जगाशी संबंध नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांच्या अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या होतात. एनएआयए आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए या संघटनांच्याही आपापल्या स्पर्धा आहेत. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पहिल्या श्रेणीबद्दल.

२. सॉफ्टबॉल म्हणजे मुलींसाठी सोपं केलेलं बेसबॉलच ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि दर वेळी मी तितक्याच तळमळीने उत्तर देते.

दोन्ही खेळांचा सांगाडा सारखा आहे: चार बेस (धाव पूर्ण करायला गाठायचे थांबे), तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) झाले की बॅटर बाद, चार बॉल (बाहेरचे चेंडू) झाले की ती पहिल्या बेसवर. पण अंतरं बदलली की खेळच बदलतो. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं, इथे ६०. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, कॉलेज सॉफ्टबॉलची पिचर ४३ फुटांवरून. आपल्या क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. त्यावरून अंदाज करा. चांगली पिचर ताशी ११२ किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकते, आणि हात सुटतो तेव्हा ती पाऊल टाकून आणखी पुढे आलेली असते. चेंडू पोहोचायला ०.४ सेकंदही लागत नाहीत. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूसमोर फलंदाजाला याहून थोडा जास्तच वेळ मिळतो. त्यात सॉफ्टबॉलमध्ये टप्पा नाही, त्यामुळे खेळपट्टीवर पडून वेग कमी होण्याचीही सोय नाही.

क्षेत्ररक्षणाचंही तसंच. बेस जवळ, त्यामुळे चपळ बॅटर तीन सेकंदांच्या आत पहिल्या बेसवर असते. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू एकदा जरी हातात घोळवला तरी संधी गेली. मी स्वतः तिथेच उभी राहायचे, म्हणून हे ठासून सांगते. सामना नऊऐवजी सात डावांचा असतो, त्यामुळे चूक भरून काढायला वेळही कमी मिळतो.

३. चेंडू खरंच मऊ असतो का?

नाही. एकदा हातावर बसला की शंका राहत नाही. परीघ १२ इंच, वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम. म्हणजे महिला क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठाही आणि जडही. म्हणूनच कितीतरी पिचर आणि तिसऱ्या बेसवरच्या मुली चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालतात. ते भित्रेपणाचं लक्षण मुळीच नाही. आपल्या मुलीने घालायचा म्हटला तर लगेच घेऊन द्या.

४. स्पर्धेत ६४ संघ येतात ते कसे निवडतात?

साधारण अर्धे संघ आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून थेट येतात. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट. हंगामभर ही कॉलेजं मुख्यतः एकमेकांशी खेळतात. उरलेल्या जागा निवड समिती भरते. त्यासाठी जिंकलेले-हरलेले सामने, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, घराबाहेर काय केलं, हे सगळं पाहिलं जातं. त्यामुळे लहानशा कॉन्फरन्सचा विजेता आत येतो आणि बलाढ्य कॉन्फरन्समधला सातवा-आठवा संघही येतो. दर वर्षी कुणीतरी रुसतं.

समिती १ ते १६ मानांकनं देते. बाकीचे संघ वाटताना प्रवासाचा खर्च पाहिला जातो: ४०० मैलांच्या आतलं कॉलेज बसने येऊ शकतं, त्याहून लांबचं असेल तर विमान. म्हणून गट पाहून ‘हे दोन शेजारी एकाच गटात कसे?’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा नकाशात असतं.

५. ६४ वरून एकावर येईपर्यंत किती टप्पे असतात?

तीन. पहिला रीजनल: १६ ठिकाणी चार-चार संघ, बहुधा मानांकित संघाच्या घरच्या मैदानावर, दुहेरी बाद पद्धतीने. दुसरा सुपर रीजनल: उरलेल्या १६ संघांच्या आठ जोड्या, तीनपैकी दोन सामने जिंकायचे. तिसरा ओक्लाहोमा सिटी: आठ संघांचे दोन गट, पुन्हा दुहेरी बाद पद्धत, आणि दोन गटविजेत्यांमध्ये तीन सामन्यांची अंतिम लढत. तीन सामन्यांची अंतिम लढत २००५ पासून आहे, त्याआधी एकाच सामन्यात निकाल लागायचा. त्या पहिल्याच वर्षी मिशिगनने यूसीएलएला (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला) हरवलं आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा संघ पहिल्यांदा विजेता झाला. तोवर हा खेळ जवळजवळ पश्चिमेचीच मिरास होता.

६. दुहेरी बाद पद्धत नीट समजावून सांगाल का? हरलेला संघ परत कसा येतो?

आपल्याला बाद पद्धत आणि साखळी पद्धत माहीत आहे. ही दोन्हींच्या मधली. एकदा हरलात तर घरी जायचं नाही, दुसऱ्यांदा हरलात की जायचं.

पहिल्या दिवशी जिंकलेले एका वाटेने पुढे जातात, हरलेले दुसऱ्या वाटेने. दुसरी वाट लांबची असते. तिथे दर सामना शेवटचा ठरू शकतो आणि सामने जास्त खेळावे लागतात. शेवटी एकही सामना न हरलेला संघ आणि एक हरलेला संघ समोरासमोर येतात. आता गंमत बघा. न हरलेल्या संघाला एकच विजय पुरतो, एक हरलेल्याला लागोपाठ दोन लागतात. वेळापत्रकात ‘गरज पडल्यास’ असा सामना दिसतो तो हाच.

२०२१ चं उदाहरण घ्या. ओक्लाहोमा अव्वल मानांकित. पहिल्याच सामन्यात त्यांची गाठ जेम्स मॅडिसनशी पडली. व्हर्जिनियातलं हे कॉलेज मानांकनातही नव्हतं आणि इथे पहिल्यांदाच आलं होतं. पिचर ओडिची अलेक्झांडर. आठव्या, म्हणजे जादा डावात ४-३ ने जेम्स मॅडिसन जिंकलं. पुढच्या सामन्यात त्यांनी ओक्लाहोमा स्टेटलाही २-१ ने हरवलं. त्यात होम प्लेटजवळ (बॅटर उभी असते त्या शेवटच्या बेसजवळ) अलेक्झांडरने बंट केलेला, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच ढकललेला चेंडू उचलून झेप घेत धावणाऱ्या मुलीला बाद केलं. तो क्षण मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. पण ओक्लाहोमा दुसऱ्या वाटेने जिंकत परत आली आणि उपांत्य फेरीत पुन्हा तीच जोडी समोर. जेम्स मॅडिसनला एक विजय हवा होता, ओक्लाहोमाला दोन. ओक्लाहोमाने ६-३ आणि ७-१ असे दोन्ही सामने जिंकले. मैदान सोडताना अलेक्झांडरसाठी प्रेक्षागृह उभं राहिलं होतं, ओक्लाहोमाच्या समर्थकांसकट.

मग ओक्लाहोमा अंतिम लढतीचा पहिला सामनाही फ्लोरिडा स्टेटकडून हरली आणि पुढचे दोन जिंकून विजेती झाली. म्हणजे दोनदा हरूनही अजिंक्य. ते कसं, ते पुढच्या प्रश्नात.

७. अंतिम लढतीत आधीचा पराभव मोजतात का?

नाही. गटातला हिशेब गटात संपतो. अंतिम लढत कोऱ्या पाटीवर सुरू होते, दोघांनाही तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात.

८. एकच पिचर रोज रोज कशी टाकते? बेसबॉलमध्ये तर चार-पाच दिवसांची विश्रांती देतात.

माझ्या मते या स्पर्धेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. बाकी सगळे नियम याच्याभोवती फिरतात.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून, हात पूर्ण गोल फिरवून टाकतात. खांद्यावर येणारा ताण बेसबॉलपेक्षा वेगळ्या तऱ्हेचा असतो, त्यामुळे पूर्वापार समज असा की खालून टाकणारी मुलगी हवं तितकं टाकू शकते. किती चेंडू टाकायचे यावर कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये मर्यादा नाही. २००७ मध्ये ॲरिझोनाच्या टॅरिन मोवॅटने ओक्लाहोमा सिटीतले आठच्या आठ सामने टाकले: ६० डाव, १,०३५ चेंडू. अंतिम लढतीत समोर टेनेसीची मोनिका ॲबट होती, जिच्या नावावर कारकिर्दीतल्या २,४४० स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करण्याचा) विक्रम आहे. ॲरिझोना पहिला सामना हरली, दुसरा दहा डावांत १-० ने जिंकली, तिसरा ५-० ने. मोवॅटचं कौतुक करावं तितकं थोडं. तरीही आज तो आकडा वाचताना मला आधी तिच्या खांद्याची आठवण होते.

कारण ‘खालून टाकलं की हात दुखत नाही’ हे खरं नाही. खांदा, दंडाचा पुढचा भाग, पाठ या तिन्हींवर भार येतो आणि थकलेली पिचर चेंडूवरचा ताबा गमावते. बॅटरनाही तिसऱ्या-चौथ्यांदा तीच पिचर दिसली की तिचे चेंडू वाचता येतात. म्हणून मोठे संघ आता तीन-चार पिचर बाळगतात. ओक्लाहोमाच्या यशात या ताफ्याचा वाटा फार मोठा आहे.

२०२५ ची अंतिम लढत या दृष्टीने पाहा. टेक्सस टेक या स्पर्धेत पहिल्यांदाच आली होती, जवळजवळ संपूर्णपणे पिचर नायजारी कॅनडीच्या हातावर. ओक्लाहोमाची सलग चार विजेतेपदांची मालिका उपांत्य फेरीत त्यांनीच ३-२ ने तोडली. अंतिम लढत टेक्सस या दुसऱ्या विद्यापीठाशी होती, आणि तिचे पहिले दोन सामनेही कॅनडीनेच टाकले. तिसऱ्यात पहिल्याच डावात टेक्ससने तिच्यावर पाच धावा चढवल्या आणि तिला बाहेर घ्यावं लागलं. टेक्सस १०-४ ने जिंकली, त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. त्या सामन्यात टेक्ससच्या मिया स्कॉटने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना कुंपणापार फटका, एकदम चार धावा) मारला, आणि नंतर कळलं की ती गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळत होती. शूर आहेत या मुली, यात वादच नाही. पण घरी खेळणारी तेरा वर्षांची मुलगी ‘हात दुखतोय’ म्हणाली तर तिला कॅनडी किंवा स्कॉटचं उदाहरण देऊ नका, विश्रांती द्या.

९. राइजबॉल खरंच वर चढतो का?

बॅटरला तसंच दिसतं. उलट्या फिरकीमुळे चेंडू गुरुत्वाकर्षणाने पडायला हवा तितका पडत नाही. डोळ्यांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा तो वर राहतो आणि बॅट खालून जाते. शिवाय तो मांडीच्या उंचीवरून सुटतो, म्हणजे सुरुवातीची दिशाही वरच असते. ड्रॉपबॉल याच्या उलट. चांगली पिचर दोन्ही एकाच हालचालीतून टाकते, आणि मध्येच चेंजअप देऊन वेग काढून घेते.

१०. काही मुली धावत धावतच बॅट फिरवतात. ते नियमात बसतं का?

बसतं. त्याला स्लॅप म्हणतात. डावखुरी बॅटर पहिल्या बेसच्या बाजूला उभी असते, म्हणून ती पावलं टाकत टाकतच चेंडू डाव्या बाजूला ढकलते आणि धाव घेते. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी पाय आखलेल्या चौकटीबाहेर पूर्ण पडलेला नसावा, एवढीच अट. शॉर्टस्टॉपची परीक्षा बघणारी याहून वाईट गोष्ट नाही.

बेसवर असलेल्या मुलीला मात्र पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. आधी सोडला तर ती बाद. बेसबॉलमध्ये थोडं पुढे सरकून उभं राहता येतं, इथे नाही. ज्यांनी दोन्ही खेळ पाहिलेत त्यांचा गोंधळ होतो तो इथेच.

११. बाहेर गेलेली खेळाडू थोड्या वेळाने परत मैदानात दिसली. पंचांची चूक झाली का?

चूक नाही. सुरुवातीच्या संघातली खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, फलंदाजीच्या क्रमातल्या आपल्याच जागेवर. म्हणून प्रशिक्षक शेवटच्या डावांत वेगवान मुलीला फक्त धावायला पाठवतात आणि मग मूळ खेळाडूला परत आणतात. याशिवाय एका खेळाडूऐवजी दुसरीने फक्त फलंदाजी करायची, असाही नियम आहे. जी फक्त क्षेत्ररक्षण करते तिला फ्लेक्स म्हणतात, आणि ती बहुधा पिचर असते, म्हणजे तिची फलंदाजी वाचते. आता पिचरच्या विश्रांतीला एवढं महत्त्व का, ते प्रश्न ८ मध्ये आलंय.

१२. सामना पाचव्या डावातच संपला. पाऊस तर नव्हता!

आठ धावांचा नियम. पाच डाव झाल्यावर एक संघ आठ किंवा जास्त धावांनी पुढे असेल तर सामना तिथेच थांबतो. २०२२ च्या उपांत्य फेरीत यूसीएलएने ओक्लाहोमाला ७-३ ने हरवलं, आणि लगेच पुढच्या सामन्यात ओक्लाहोमाने त्यांना पाच डावांत १५-० ने उडवलं. दुहेरी बाद पद्धत किती निष्ठुर असू शकते ते अशा दिवशी कळतं.

१३. बॅटरला मुद्दाम वॉक देताना तिने चेंडू मारला तर?

तर तो मारलेला चेंडू धरला जातो. २०२५ च्या अंतिम लढतीच्या पहिल्या सामन्यात हेच झालं. टेक्सस टेक १-० ने पुढे होती, सहावा डाव, आणि टेक्ससची धोकादायक बॅटर रीस ॲटवुड हिला चार बॉल टाकून पहिल्या बेसवर पाठवायचं ठरलं. त्यातला एक चेंडू हवा तितका बाहेर गेला नाही. ॲटवुडने तो डावीकडे मारला, दोन धावा आल्या, सामना २-१. वॉक द्यायचा ठरला म्हणून बॅटरने बॅट खाली ठेवली पाहिजे असा कुठलाही नियम नाही. मुलींना शिकवताना मी हा चेंडू आवर्जून दाखवते: चेंडू पोहोचण्यासारखा असेल तर डाव संपलेला नसतो.

१४. सर्वांत जास्त विजेतेपदं कुणाची? कुठे यूसीएलएची १२ लिहिलेली असतात, कुठे १३.

एनसीएएच्या दफ्तरी १२. मैदानावर त्यांनी १९९५ चंही जिंकलं होतं. पण सॉफ्टबॉलमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिष्यवृत्त्या दिल्याचं चौकशीत निघालं आणि ते विजेतेपद काढून घेतलं गेलं. दुसऱ्या कुणाला दिलं नाही, त्यामुळे १९९५ ची जागा रिकामीच आहे.

यूसीएलएच्या मागोमाग ॲरिझोना आणि ओक्लाहोमा, दोघांची आठ-आठ. ॲरिझोनाची सगळी प्रशिक्षक माइक कँड्रिया यांच्या काळातली, ओक्लाहोमाची सगळी पॅटी गॅसो यांच्या. २०२१ ते २०२४ अशी सलग चार जिंकणारा ओक्लाहोमा हा एकमेव संघ. त्याआधी यूसीएलएने १९८८ ते १९९० अशी सलग तीन जिंकली होती. २०२३ मध्ये ओक्लाहोमाचा हंगाम ६१ विजय आणि १ पराभव असा संपला. तो एक पराभव फेब्रुवारीत बेलरकडून. त्यानंतर त्यांनी लागोपाठ ७१ सामने जिंकले, आणि मार्च २०२४ मध्ये लुईझियानाने त्यांना अडवलं. याच संघाच्या जॉसेलिन आलोने कारकिर्दीत १२२ होमरन (कुंपणापार फटके) मारले. आधीचा ९५ चा विक्रम तिने मोडला तो स्वतःच्या हवाईत, घरच्यांसमोर.

१५. ही स्पर्धा १९८२ पासूनची की १९६९ पासूनची?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मुलींची कॉलेज वर्ल्ड सिरीज १९६९ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाला सुरू झाली, तेव्हा एनसीएएचा मुलींच्या खेळाशी संबंधच नव्हता. पहिली तिन्ही विजेतेपदं वाहू नावाच्या छोट्या गावातल्या जॉन एफ. केनेडी कॉलेजची. ते कॉलेज १९७५ मध्ये बंदही पडलं. शिक्षणात मुलींना समान संधी देणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा. त्यानंतर मुलींच्या खेळांचा कारभार एआयएडब्ल्यू ही स्त्रियांनीच चालवलेली संघटना सांभाळत होती. मुलींचे खेळ वाढताहेत हे दिसल्यावर एनसीएएने स्वतःच्या स्पर्धा काढल्या. १९८२ मध्ये दोन स्पर्धा झाल्या आणि दोन विजेते: एनसीएएची यूसीएलए, एआयएडब्ल्यूची टेक्सस ए अँड एम. मग जुनी संघटना संपली. तिचं काम विस्मरणात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून सुरुवात कधी असं कुणी विचारलं की मी १९६९ सांगते.

१६. दर वर्षी ओक्लाहोमा सिटीच का? हा ओक्लाहोमाला घरचा फायदा नाही का?

१९९० पासून स्पर्धा तिथेच आहे. अपवाद १९९६ चा, त्या वर्षी जॉर्जियातल्या कोलंबसला झाली. मैदान सॉफ्टबॉलसाठीच बांधलेलं, आज त्याचं नाव डेव्हन पार्क, आणि वाढवत वाढवत सुमारे १३ हजार लोक बसतील इतकं केलेलं. मुलींच्या खेळासाठी एवढं कायमचं घर दुसऱ्या फार कमी ठिकाणी आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं सॉफ्टबॉलही याच मैदानावर होणार आहे, दोन हजार किलोमीटर लांब असूनही.

फायद्याचं म्हणाल तर, हो, आहे. ओक्लाहोमा विद्यापीठ नॉर्मनला, शहरापासून अर्ध्या तासावर, आणि प्रेक्षागृह त्यांच्या गडद लाल रंगाने भरून जातं. पण त्याच मैदानावर त्यांना २०२१ मध्ये जेम्स मॅडिसनने आणि २०२५ मध्ये टेक्सस टेकने हरवलं.

१७. अव्वल मानांकन मिळालं की निदान ओक्लाहोमा सिटीपर्यंत पोहोचतातच ना?

२०२५ पर्यंत पहिल्या टप्प्यात तरी अव्वल संघ कधी अडकला नव्हता. त्या वर्षी टेक्सस ए अँड एमला पहिलं मानांकन होतं, घरचं मैदान होतं, आणि लिबर्टीने त्यांना रीजनलमध्येच घरी बसवलं.

१८. २०२० च्या विजेत्यांच्या यादीत नाव का नाही?

कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. त्या वर्षीच्या खेळाडूंना एक जादा हंगाम मिळाला, म्हणून नंतरच्या काही वर्षांत पाचव्या-सहाव्या वर्षाच्या मुली संघांत दिसत होत्या.

१९. मुलगी शाळेच्या संघात चांगली खेळते. कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल का?

पूर्ण मिळणं कठीण, काही भाग मिळणं शक्य. हे ऐकून पालकांचा चेहरा पडतो, पण आधीच कळलेलं बरं.

पहिल्या श्रेणीत २०२४-२५ पर्यंत एका संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतके पैसे मिळायचे आणि प्रशिक्षक ते वीस-बावीस मुलींत वाटायचे. २०२५-२६ पासून, न्यायालयीन तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, फक्त संघ २५ खेळाडूंचा ठेवायचा. श्रीमंत कॉलेजं त्यामुळे जास्त देऊ शकतात, पण सगळ्यांकडे तेवढे पैसे नाहीत. दुसऱ्या श्रेणीत मर्यादा ७.२ शिष्यवृत्त्यांची. तिसऱ्या श्रेणीत आणि आयव्ही लीगमध्ये (आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात) खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. तिथे मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर, आणि ती कधी कधी खेळाच्या पैशांपेक्षा मोठी निघते.

पहिल्या श्रेणीचे प्रशिक्षक अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरनंतरच मुलीशी थेट बोलू शकतात. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून नाउमेद होऊ नका. शाळेतले सोळा ठरावीक विषय आणि ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते, आणि आपल्या घरांत तो भाग सहसा अडत नाही. उन्हाळ्यातल्या फिरत्या क्लब संघांवर मात्र हजारो डॉलर जातात. ते शिष्यवृत्तीतून वसूल होतील या हिशेबाने खर्च करू नका. मुलीला खेळ आवडतो म्हणून करा.

२०. कॉलेजच्या खेळाडू आता पैसे कमावतात म्हणे?

हो. २०२१ पासून आपल्या नावाचा आणि प्रसिद्धीचा मोबदला त्यांना घेता येतो. प्रश्न ८ मधली कॅनडी २०२४ मध्ये स्टॅनफर्डहून टेक्सस टेकला आली तेव्हा तिच्या वर्षभराच्या कराराची रक्कम दहा लाख डॉलरहून जास्त असल्याच्या बातम्या होत्या. सॉफ्टबॉलमध्ये असा आकडा पहिल्यांदाच ऐकू आला. पण ती एक. बहुतेक मुलींना बूट, बॅट, थोडेफार पैसे, एवढंच.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलींनी इथे फार जपून राहावं. त्या व्हिसावर कमाईची कडक बंधनं आहेत. कुठल्याही करारावर सही करण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा.

२१. महाराष्ट्रात आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेली मुलगी इथे कॉलेजात खेळू शकते का?

नागरिकत्वाची अट नाही. जगभरातल्या मुली इथे खेळतात. अडचण असते ती घड्याळाची. पहिल्या श्रेणीत पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, आणि ही पाच वर्षं कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला त्या दिवसापासून मोजतात, मग ते कॉलेज पुण्याचं असो वा जळगावचं. पदवीची तीन वर्षं भारतात करून आलेल्या मुलीकडे जेमतेम दोन वर्षं उरतात. म्हणून यायचं असेल तर बारावीनंतर लगेच.

एक खास आपल्याकडचा घोळ: आपण अकरावी-बारावीला ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणतो. अर्जात नुसतं ‘कॉलेज’ लिहिलंत तर समोरचा माणूस घड्याळ तिथपासून सुरू झालं असं समजू शकतो. ते उच्च माध्यमिक शालेय शिक्षण आहे, हे बोर्डाच्या गुणपत्रिकेसह स्पष्ट लिहा.

२२. भारतातून पाहायचं तर किती वाजता, आणि एकच सामना पाहायला वेळ असेल तर कोणता?

ओक्लाहोमा सिटीतली उन्हाळ्यातली वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला. पावसाची नोंद ठेवा, त्या भागात जूनमध्ये वादळं येतात. २०२१ मध्ये अशाच खोळंब्यांमुळे सामने मध्यरात्र उलटून गेले आणि संघांना विश्रांतीच मिळाली नाही. त्यावर टीका झाली, मग २०२२ पासून वेळापत्रक लांबवून मधे सुटीचे दिवस घातले.

एकच सामना म्हणाल तर मी अंतिम सामना सांगणार नाही. उपांत्य दिवस पाहा, ज्या दिवशी न हरलेला संघ आणि एकदा हरलेला संघ समोरासमोर येतात. पहिला सामना एकदा हरलेला संघ जिंकला तर टीव्ही बंद करू नका. थोड्याच वेळात तेच दोन संघ परत मैदानात उतरतील. तेव्हा आधी बघा, सराव करायला कोणती पिचर उभी राहिलीय.